घरी बांधलेल्या विमानाचे हायड्रॉलिक लँडिंग गिअर बदलायचे आहे : सिलिंडर मोठा करावा का?

वेर्णे-वर्कशॉप (धागाकर्ता)

नमस्कार. वेर्णे औद्योगिक वसाहतीत माझे छोटे मशीन शॉप आहे आणि हायड्रॉलिक सिलिंडरची दुरुस्ती हे आमचे रोजचे काम आहे. माझा भाचा अमेरिकेत मोंटाना राज्यात नोकरीला आहे. त्याने दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका हौशी माणसाने किटमधून घरी बांधलेले, चाके आत दुमडणारे दोन आसनी कंपोझिट विमान विकत घेतले. असे विमान म्हटले की आपल्याकडे कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आठवतात, ज्यांच्या विमानाची नोंदणी २०१७ साली झाली. अमेरिकेत मात्र ही हौस जुनी आहे, तिथे ‘एक्स्पेरिमेंटल’ असा त्यासाठी वेगळा वर्ग आहे आणि त्या वर्गातील विमानाला प्रमाणित सुटे भागच लावले पाहिजेत असे बंधन नसते. त्यामुळे काही भाग मी इथे बनवून पाठवावेत असे भाच्याने सुचवले आहे.

विमानातील रचना साधी आहे. दोन्ही दिशांना फिरणारा एक विजेचा पंप, तेलाची छोटी टाकी आणि तीन सिलिंडर. पंप एका दिशेने फिरला की चाके वर जातात, उलट फिरला की खाली येतात, आणि ठरलेला दाब आला की प्रेशर स्विच पंप बंद करतो. वर गेलेल्या चाकांना अडकवून ठेवणारा यांत्रिक हूक नाही. नळीत कोंडलेल्या तेलाच्या दाबावरच ती वर राहतात. तक्रार अशी की उड्डाणात दर चार-पाच मिनिटांनी दाब उतरतो आणि पंप आपोआप सुरू होतो.

भाच्याच्या मनात तीन बदल आहेत. ३० मिलिमीटर बोअरचे (आतल्या व्यासाचे) सिलिंडर काढून ३६ मिलिमीटरचे लावावेत, म्हणजे ताकद वाढेल. वर नेणाऱ्या लाइनवर नायट्रोजनचा अ‍ॅक्युम्युलेटर, म्हणजे दाबाखालचे तेल साठवणारा डबा, बसवावा, म्हणजे पंप वारंवार चालणार नाही. आणि जुन्या रबरी होजऐवजी धातूच्या नळ्या टाकाव्यात. सिलिंडर बनवणे माझ्या हातचे आहे, पण विमानाचे काम मी कधी केलेले नाही. जाणकारांनी मोकळेपणाने सांगावे.

बोगमाळो-निवृत्त

तुम्ही विचारून काम करत आहात, हे फार चांगले झाले. माझी नोकरी नौदलाच्या विमानांच्या हँगरमध्ये गेली आणि लँडिंग गिअर हाच माझा विभाग होता.

पंप वारंवार चालतो याचा अर्थ कोंडलेले तेल कुठून तरी निसटते आहे. ते कुठून निसटते हे कळल्याशिवाय सिलिंडरला हात लावू नये. चार जागा संशयाच्या आहेत : पिस्टनवरचे सील, पॉवरपॅकमधला (पंपाच्या संचातला) तेल एकाच दिशेने जाऊ देणारा चेक व्हॉल्व्ह, संकटकाळी कोंडलेले तेल सोडून चाके खाली येऊ देण्यासाठी उघडायचा डम्प व्हॉल्व्ह, आणि बाहेरचे सांधे. बाहेरची गळती डोळ्यांना दिसते. आतली शोधण्यासाठी विमान जॅकवर घ्यावे, चाके वर घेऊन पंपाचा ब्रेकर ओढावा आणि प्रत्येक सिलिंडरच्या ‘खाली’ बाजूची नळी सोडून त्या उघड्या तोंडाखाली कोरडा पांढरा कागद धरावा. तेल ठिबकले तर त्या सिलिंडरचे पिस्टन सील गेले आहे. तिन्ही कागद कोरडे राहिले तर दोष चेक व्हॉल्व्हमध्ये किंवा डम्प व्हॉल्व्हमध्ये आहे. हे करताना दाब कधीही उतरून चाक खाली कोसळू शकते, म्हणून चाकाच्या पायाच्या वाटेत कोणाचाही हात किंवा डोके येता कामा नये. हाताचे बोट गेलेला माणूस मी पाहिला आहे.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. चाके वर गेली नाहीत तर वैमानिक त्याच धावपट्टीवर परत उतरतो आणि फार तर पेट्रोल जास्त जळते. चाके खाली आली नाहीत तर विमान पोटावर घासते. म्हणून या यंत्रणेतील कोणत्याही बदलाला पहिला प्रश्न हाच विचारायचा की टाकीत थेंबभर तेल नसताना आणि बॅटरी मेलेली असताना पाय खाली येऊन कुलूपबंद होतात का. भाच्याच्या तीनही बदलांपैकी एकही या प्रश्नातून निघालेला दिसत नाही.

मालिम-जेटी

मी मालिमला ट्रॉलरच्या विंचची हायड्रॉलिक कामे करतो. होजबद्दल भाच्याचे बरोबर आहे, जुने होज आतून सोलते आणि तिचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये अडकतात. चाचणीसाठी तेल लागले तर आमच्याकडे ४६ नंबरचे हायड्रॉलिक तेल ड्रमने असते, हवे तेवढे घेऊन जा. फिटिंगही मिळतील.

बोगमाळो-निवृत्त

आपुलकीबद्दल आभार, पण ते तेल या कामाला चालणार नाही आणि याचे कारण सर्वांना कळावे म्हणून सविस्तर लिहितो.

विमानात बहुधा ५६०६ क्रमांकाचे लाल तेल असते. ते खनिज तेल असून ४० अंश सेल्सिअसला त्याची स्निग्धता सुमारे १३ ते १४ सेंटिस्टोक असते. ४६ नंबरच्या तेलाची त्याच तापमानाला ४६ असते, म्हणजे तिप्पट-साडेतीनपट, आणि थंडीत तर ही दरी कितीतरी वाढते. मोंटानाच्या हिवाळ्यात विंचचे तेल मधासारखे होईल, लाल तेल मात्र उणे ५४ अंशांपर्यंत काम देण्यासाठीच बनवलेले आहे. ८३२८२ क्रमांकाचे कृत्रिम तेल त्याच सीलना चालते आणि पेट घ्यायला अवघड असते, हवे तर तेवढा एक पर्याय आहे. मोठ्या प्रवासी विमानांतील जांभळे स्कायड्रॉल मात्र वेगळ्या जातीचे असून या विमानातल्यासारखी नायट्राइल रबराची सील खाऊन टाकते.

फिटिंगच्या बाबतीत एक सूचना अवश्य पाळा. विमानाच्या फ्लेअर सांध्याचा (नळीचे तोंड पसरवून केलेल्या सांध्याचा) कोन ३७ अंश असतो आणि फ्रिज-एसीवाल्याचे फ्लेअरिंग टूल ४५ अंशांचा कोन काढते. दोन्ही नळ्या हातात घेतल्या तर सारख्याच दिसतात आणि नटही बसतो. पण शंकूवर नळी पूर्ण न टेकता केवळ एका कडेवर टेकते आणि काही तासांच्या कंपनानंतर तिथेच चीर जाते.

वेर्णे-वर्कशॉप

सीलबद्दल वाचून मला माझीच चूक लिहावीशी वाटते. चाचणीच्या सिलिंडरसाठी मी एका दुकानातून ओ-रिंग, म्हणजे सीलच्या रबरी कड्या, आणल्या. काळ्या, ३.५३ मिलिमीटर जाडीच्या, पाकिटावर काही लिहिलेले नव्हते, आणि मी विचारलेही नाही. लाल तेलाच्या बाटलीत एक रिंग टाकून ठेवण्याची बुद्धी झाली म्हणून बरे. पाचव्या दिवशी चिमट्याने बाहेर काढली तेव्हा ती बोटांत मऊ आणि बुळबुळीत लागली, आणि व्हर्नियरवर जाडी ४.३ आली. ती ईपीडीएम या वेगळ्या रबराची निघाली, म्हणजे ब्रेक ऑइलसाठी उत्तम आणि खनिज तेलात स्पंजासारखी फुगणारी. अशी रिंग पिस्टनच्या खाचेत फुगली असती तर पिस्टन जाम झाला असता, तोही बसवल्यावर चार-पाच दिवसांनी. आता प्रत्येक खेपेतील एक रिंग आठवडाभर तेलात ठेवून मोजल्याशिवाय मी वापरत नाही.

भाच्याने कागदाची चाचणी करायचे मान्य केले आहे. दरम्यान त्याने पाठवलेल्या मापांवरून मी नोज गिअरचा, म्हणजे पुढच्या चाकाचा, सांगाडा वर्कशॉपमध्ये उभा केला आहे. पाय, खाली आलेल्या पायाला कुलूपबंद करणारा ड्रॅग ब्रेस, कोंडलेल्या वायूच्या जोराने पाय ढकलणारा गॅस स्ट्रट, सगळे खऱ्या मापाचे आहे. आता ३६ च्या सिलिंडरबद्दल कोणी हिशेब करून सांगेल का?

फोंडा-प्राध्यापक

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात द्रवयांत्रिकी शिकवतो. हिशेब असा आहे.

चाके वर घेताना तेल दांड्याच्या बाजूने येते, असे तुमच्या चित्रात दिसते. ३० मिलिमीटर बोअर आणि १२ मिलिमीटर दांडा धरला तर त्या बाजूचे क्षेत्रफळ सुमारे ५९४ चौरस मिलिमीटर भरते. ७० बार दाबाला ओढ सुमारे ४,१५० न्यूटन, म्हणजे सव्वाचारशे किलोच्या आसपास होते. ३६ चे बोअर घेतले तर क्षेत्रफळ ९०५ आणि ओढ साधारण ६४५ किलो होते. ही दीडपट ओढ शेवटी कंपोझिटच्या भिंतीला चिकटवलेल्या ब्रॅकेटवर येते, आणि ती ब्रॅकेट मूळ बांधणाऱ्याने सव्वाचारशे किलो गृहीत धरून बसवलेली आहे. शिवाय पंप तोच राहिला तर वेळ वाढेल. २०० मिलिमीटर स्ट्रोकच्या तीन सिलिंडरना वर जाताना पूर्वी ३५६ घनसेंटिमीटर तेल लागत होते, आता ५४३ लागेल. मिनिटाला दोन लिटर देणारा पंप असेल तर पावणेअकरा सेकंदांचे काम सव्वासोळा सेकंदांवर जाईल.

मला याहून अधिक काळजी संकटकाळच्या उतरणीची वाटते. डम्प व्हॉल्व्ह उघडल्यावर पाय खाली येताना दांड्याच्या बाजूचे तेल त्याला स्वतःच ढकलून बाहेर काढावे लागते. पाय त्याच गतीने यायचा असेल तर दीडपट तेल त्याच बारीक नळीतून जाणार, म्हणून नळीतला अडथळ्याचा दाब दीडपट होणार. तो दाब दीडपट क्षेत्रफळावर लागणार. म्हणजे पायाला होणारा विरोध दीड गुणिले दीड, सुमारे २.३ पट. ताकद वाढवण्यासाठी लावलेला सिलिंडर ऐन गरजेच्या वेळी पायाला मागे धरून ठेवेल.

आणखी एक बाब. खाली येताना पिस्टनच्या पूर्ण बाजूला जेवढे तेल लागते तेवढे दांड्याच्या बाजूने निघत नाही. दांड्याने व्यापलेल्या जागेएवढा फरक पडतो. तीन सिलिंडरमध्ये तो ६८ घनसेंटिमीटर आहे. डम्प व्हॉल्व्ह फक्त दोन बाजू एकमेकींना जोडणारा असेल तर ही जागा भरायला तेल येणार नाही आणि दांड्याच्या सीलमधून हवा आत ओढली जाईल. व्हॉल्व्हला टाकीकडे जाणारे तिसरे तोंड हवे. याच कारणाने टाकीची पातळी नेहमी चाकांच्या एकाच स्थितीत पाहावी. चाके खाली असताना टाकी काठोकाठ भरली तर ती वर घेताना ६८ घनसेंटिमीटर तेल व्हेंटमधून बाहेर सांडेल, आणि तेल विमानाच्या पोटाला लागलेले पाहून मालक नसलेली गळती शोधत बसेल.

वेर्णे-वर्कशॉप

प्राध्यापक बाब, तुमचे गणित मी सांगाड्यावर तपासले. हे सांगताना थोडा उशीर झाला, कारण मध्ये चतुर्थी आली.

हे चाक मागच्या दिशेने दुमडते, म्हणून उतरताना त्याला समोरच्या वाऱ्याविरुद्ध पुढे यावे लागते आणि त्यासाठीच गॅस स्ट्रट आहे. १०० नॉट वेगाला समुद्रसपाटीवर वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १,६२० न्यूटन असतो. पाय आणि चाक मिळून एक दशांश चौरस मीटर धरले तर साधारण साडेसोळा किलोची मागे ओढ होते. मासळी बाजारात वापरतात तसला लटकता काटा चाकाच्या आसाला बांधून, पाय फिरेल तसा काटा धरून आम्ही तेवढी ओढ सतत ठेवली.

३० चे सिलिंडर, लाल तेल, वर्कशॉपचे तापमान ३१ अंश. व्हॉल्व्ह उघडल्यापासून चार सेकंदांत पाय खाली आला आणि ड्रॅग ब्रेस ‘टक्’ आवाज करून मध्यरेषेपलीकडे बसला. दहा वेळा केले, दहाही वेळा बसला. नंतर ३६ चे सिलिंडर लावले. पाय नऊ सेकंद घेत होता. सहाव्या खेपेला ब्रेस सरळ होण्याच्या दोन बोटे आधी पाय थांबला आणि तसाच राहिला. मी काटा धरून उभा होतो, कारागीर व्हॉल्व्हपाशी होता, आणि आम्ही दोघेही पाय आपोआप पुढे जाईल म्हणून वाट पाहत राहिलो. काटा सैल केल्यावरच तो बसला.

असे का झाले याचा माझा अंदाज लिहितो. पायाला गती असली की तो स्वतःच्या झोकाने शेवटचा भाग ओलांडतो. तेलाने त्याला मंद केले की झोक उरत नाही, आणि मोठ्या सीलचे घर्षण तेवढ्यात त्याला धरून ठेवते. ३६ चे सिलिंडर मी सांगाड्यावरून काढून ठेवले आहेत आणि ते मोंटानाला जाणार नाहीत.

भाचा-मोंटाना

मामा, आणि सर्व वडीलधाऱ्यांनो, नमस्कार. कागदाची चाचणी केली. तिन्ही कागद कोरडे राहिले. चेक व्हॉल्व्ह वेगळा करून तपासला, तोही ठीक होता. डम्प व्हॉल्व्ह उघडला तेव्हा आतल्या ओ-रिंगला नखाने खरवडल्यासारखा सुमारे दोन मिलिमीटरचा काप दिसला. पूर्वी कधीतरी बसवताना ती आट्यांवर घासली असावी. नवी रिंग तेल लावून, आट्यांवर प्लास्टिकची पातळ टोपी चढवून बसवली. काल जॅकवर चाके वर ठेवून दीड तास थांबलो, त्या वेळात पंप एकदाच चालला.

तो व्हॉल्व्ह दोन तोंडांचाच आहे. तिसऱ्या तोंडाचा व्हॉल्व्ह मामांनी बनवावा अशी विनंती आहे. अ‍ॅक्युम्युलेटर तरीही बसवावा का?

बोगमाळो-निवृत्त

माझे मत बसवू नये असे आहे. पंप किती मिनिटांनी चालतो ही तुमच्या विमानाची नाडी आहे. दीड तासाचे पाऊण तासावर आले की सील झिजू लागल्याचे तुम्हाला उड्डाणातच कळते. अ‍ॅक्युम्युलेटर साठवलेले तेल देत राहतो आणि तीच गळती कित्येक आठवडे झाकून ठेवतो. शिवाय ३३ अंशांना ३५ बार भरलेला नायट्रोजन उणे १० अंशांना सुमारे ३० बारवर येतो, म्हणजे ऋतूप्रमाणे भरणा तपासणे आले. डम्प व्हॉल्व्ह उघडल्यावर पायाच्या तेलाबरोबर अ‍ॅक्युम्युलेटरचे तेलही त्याच वाटेने रिकामे व्हावे लागते, हा तोटा वेगळाच. आणि कोणी बसवलाच तर त्यात कोरडा नायट्रोजनच भरावा; तेलाशेजारी दाबाखालचा ऑक्सिजन स्फोट घडवतो.

त्याऐवजी एक छोटी गोष्ट करा. दोन्ही लाइनवर थर्मल रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे तापून वाढलेला दाब सोडणारे व्हॉल्व्ह, आहेत का ते पाहा. कडक नळीत कोंडलेले तेल एक अंश तापले तर दाब साधारण १० बारने चढतो. रबरी होज थोडी ताणते म्हणून जुन्या रचनेत ते निभावून जात होते. तुम्ही होज काढून धातूच्या नळ्या टाकणार आहात. दुपारच्या उन्हात उभे केलेले विमान तासाभरात वीस अंश तापते, आणि मग फिटिंग किंवा सील यांपैकी जे कच्चे असेल ते जाते. दाबोळीच्या डांबरावर एप्रिलमध्ये अनवाणी उभे राहून पाहिले तर हे पटेल. नळ्यांचा बदल चांगला आहे, पण हलणाऱ्या पायापाशी होज ठेवावीच लागेल आणि रिलीफ व्हॉल्व्हशिवाय तो बदल करू नये.

भाच्याला बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात एकदा अवश्य घेऊन या. सी हॉक, अलिझे, सी हॅरियर यांच्या पायांपाशी वाकून ब्रेस कसे बसतात ते पाहता येते. चित्रापेक्षा ते पाहून लवकर समजते.

मालिम-जेटी

दांड्याच्या क्रोमबद्दल लिहितो, कारण खाऱ्या हवेचा अनुभव आम्हाला रोजचा आहे. इथे बनवलेला दांडा पावसाळ्यात उघडा ठेवला तर महिन्याभरात क्रोमवर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके येतात. ते नखाला लागत नाहीत, भिंगातून दिसतात, आणि प्रत्येक फेरीला सीलची कड कापतात. भाग पाठवण्याआधी तेलकट कागदात गुंडाळून बंद पिशवीत ठेवा आणि उघडल्यावर भिंगाने पाहायला सांगा.

वेर्णे-वर्कशॉप

सूचना घेतली. तीन तोंडांचा व्हॉल्व्ह बनवला आहे. आतील मार्ग ६ ऐवजी ८ मिलिमीटरचा केला आणि दांडी उघडी असली की ती पॅनेलवर दिसेल अशी लांब ठेवली. १०५ बारला पंधरा मिनिटे ठेवून थेंब नाही. भाच्या, कागदपत्रांचे काय करायचे तेही लिही, म्हणजे इतरांना उपयोग होईल.

भाचा-मोंटाना

मी मूळ बांधणारा नसल्यामुळे बांधणाऱ्याला स्वतःच्या विमानाच्या तपासणीसाठी मिळणारे रिपेअरमन प्रमाणपत्र माझ्याकडे नाही. काम मी स्वतः करू शकतो, पण वार्षिक तपासणी (कंडिशन इन्स्पेक्शन) मी परवानाधारक मेकॅनिककडून करून घेतो. बदल मोठा ठरला तर विमानाच्या ऑपरेटिंग लिमिटेशन्सनुसार (उड्डाणाच्या लेखी अटींनुसार) एफएए या अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेच्या जिल्हा कार्यालयाला कळवून विमान पुन्हा पहिल्या, म्हणजे चाचणीच्या, टप्प्यात टाकावे लागते आणि किमान पाच तास ठरलेल्या क्षेत्रात एकट्याने चाचणी उड्डाण करावे लागते. व्हॉल्व्ह आणि नळ्या दोन्ही बदलल्यामुळे मी तसे कळवणार आहे.

व्हॉल्व्ह मिळाला, भिंगाने पाहिला, बसवला. त्यानंतर बोगमाळोच्या काकांचा, तेल आणि बॅटरी नसताना पाय बसतात का हा प्रश्न विचारला. टाकी रिकामी केली, बॅटरी काढली, रात्रभर हँगरचे दार उघडे ठेवले आणि सकाळी उणे १२ अंशांना जॅकवर चाचणी केली. बॅटरी नसल्यामुळे हिरवे दिवे नव्हते, म्हणून प्रत्येक ब्रेस मध्यरेषेपलीकडे बसला का हे हाताने दाबून पाहिले. दोन्ही मुख्य पाय बसले. मग टाकी भरून, हवा काढून, तीच चाचणी तेलासह केली. मुख्य पाय बसले, पण नोज गिअरला सात सेकंद लागले आणि २४ किलोच्या ओढीला, म्हणजे १२० नॉटच्या वाऱ्याला, तो बसला नाही. साडेसोळा किलोला बसला.

फोंडा-प्राध्यापक

गॅस स्ट्रट तपासा. त्यातील वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात असतो. वर्कशॉपमधील ३१ अंश म्हणजे ३०४ केल्व्हिन आणि तुमचे उणे १२ म्हणजे २६१. एवढ्यानेच १४ टक्के जोर जातो, आणि जुन्या स्ट्रटमधून वायू आधीच थोडा निघून गेलेला असणार.

भाचा-मोंटाना

काढून वजनकाट्यावर उभा दाबून पाहिला. त्यावर छापलेल्या आकड्याच्या दोन तृतीयांशच जोर उरला आहे. नवा मागवला आहे. तो आल्यावर उणे तापमानाला आणि २४ किलोच्या ओढीला पुन्हा दहा वेळा करीन आणि आकडे इथेच लिहीन. तोपर्यंत विमान जॅकवरच राहील.